गोबरगॅस पुन्हा पुन्हा बसतो? गोठ्यातून टाकीत काय जातं ते आधी शोधा

शेण तेवढंच, पाणी तेवढंच, थंडीही नाही, आणि तरी महिन्या-दीड महिन्याने गॅस निम्म्यावर येतो. काही दिवसांनी आपोआप सावरतो आणि पुन्हा बसतो. असं दुखणं असलेल्या टाक्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी मी पोचेपर्यंत दोन उपाय करून झालेले असतात: शेण वाढवलेलं असतं आणि चुना ओतलेला असतो. या दोन्हींनी दुखणं बरं होण्याऐवजी लांबतं.

गॅस एकदाच कमी झाला असेल तर टाकी तपासा. ठरावीक अंतराने कमी होत असेल तर गोठ्यात त्या अंतराने काय केलं जातं ते तपासा. टाकीतले सूक्ष्मजीव बिनहवेचे जगतात, आणि त्यांच्या श्वसनात अडथळा आणणारी रसायनं आपल्या गोठ्यात, न्हाणीत, संडासात आणि खताच्या पोत्यात रोज हाताशी असतात.

आधी साधी कारणं बाजूला काढा

पाइपच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावा. पाइपात साचलेलं पाणी काढून टाका. ड्रमची टाकी असेल तर ड्रम सरळ वर-खाली होतो का पाहा, आणि वर साय धरली असेल तर ती मोडा. थंडीत टाकीतला शेणकाला (शेण-पाण्याचं मिश्रण) २० अंशांच्या खाली गेला की गॅस मंदावणारच, त्यात रसायनाचा दोष नाही. हे सगळं ठीक असेल तरच पुढे वाचा.

टाकीत श्वास कोण घेतं

अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाला तरी द्यावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो. बंद टाकीत ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथले जीव दुसरा घेणारा शोधतात. नायट्रेट मिळालं तर नायट्रेट, नाहीतर सल्फेट, आणि तेही नसेल तर कार्बन डायऑक्साइड. या क्रमाने मिळणारी ऊर्जा घटत जाते, म्हणून आधीचा घेणारा हजर असला की त्याच्यावर जगणारे जिवाणू पुढच्यांच्या तोंडचा घास पळवतात. मिथेन करणारे जीव या रांगेत अगदी शेवटी उभे आहेत. (काटेकोर बोलायचं तर ते जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या गटातले आहेत. हा फरक औषधांच्या बाबतीत पुढे कामाला येतो.)

मिथेन दोन वाटांनी होतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून साधारण एक तृतीयांश, आणि ॲसिटिक आम्लापासून उरलेला. हे आम्ल आणि हायड्रोजन पुरवणारे जिवाणू वेगळे, आणि ते काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना, विशेषतः ॲसिटिक आम्लावर जगणाऱ्यांना, त्यासाठी काही दिवस लागतात. म्हणून कुठलंही विष टाकीत गेलं तरी मागे राहतात ते मिथेनवाले. आम्लवाले लवकर उठतात, आम्ल साचतं, आणि त्या साचलेल्या आम्लाचा मार पुन्हा मिथेनवाल्यांनाच बसतो. अशा वेळी शेण वाढवणं म्हणजे आम्ल वाढवणं.

आता हिशोबाची एक गोष्ट. शेणकाला टाकीत साधारण ४० दिवस राहतो असं धरू. टाकी चांगली ढवळली जात असेल तर एकदा पडलेलं न कुजणारं रसायन निम्मं व्हायला सुमारे २८ दिवस लागतात. तेच रसायन दर पंधरवड्याला पडत राहिलं तर टाकीतला साठा एका वेळच्या मात्रेच्या तिपटीपर्यंत चढतो. ‘इतकंसं तर टाकतो, त्यानं काय होणार’ याचं उत्तर या आकड्यात आहे.

कुजक्या अंड्यांचा वास: सल्फेट

ओळख सोपी आहे. शेगडी पेटवताना गंधकाचा झोंबणारा वास येतो, तांब्या-पितळेची भांडी काळवंडतात, बर्नर लवकर गंजतो. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या तारेवर गॅस थोडा वेळ सोडला आणि तार काळी पडली, तर हायड्रोजन सल्फाइड भरपूर आहे असं समजा.

सल्फेट येतं कुठून? बहुतेक जण आधी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला दोष देतात. करून बघा हिशोब: २ घनमीटरच्या (म्हणजे रोज तेवढा गॅस देणाऱ्या) टाकीला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी लागतं. पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सल्फेट असलं, म्हणजे चांगलंच जड पाणी असलं, तरी रोज २५ ग्रॅम सल्फेट आत जातं आणि त्यामुळे सहाएक लिटर मिथेन बुडतो. त्या टाकीतून रोज हजार लिटरच्या वर मिथेन अपेक्षित आहे. पाण्यातल्या नायट्रेटचा हिशोब तर याहून किरकोळ निघतो. पाणी निर्दोष आहे.

खरा पुरवठा खताच्या पोत्यातून होतो. गोठ्यातल्या मुताचा वास मारावा आणि नत्र उडून जाऊ नये म्हणून शेणावर सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम भुरभुरण्याची जुनी पद्धत आहे. उकिरड्यासाठी ती उत्तम. तेच शेण गॅसच्या टाकीत गेलं की बिघडतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असतं, आणि ते सल्फेटच्या रूपात. सल्फेटचा एक रेणू आठ इलेक्ट्रॉन घेतो आणि मिथेनचा एक रेणू व्हायलाही आठच लागतात. म्हणजे १ किलो सुपर फॉस्फेट ७५ ते ८५ लिटर मिथेन गिळतं, १ किलो जिप्सम त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि १ किलो अमोनियम सल्फेट दुपटीहून जास्त. बुडालेल्या मिथेनच्या जागी तेवढ्याच रेणूंचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो स्वतः विषारी आहे, माणसाला आणि मिथेनवाल्यांनाही.

सल्फाइडचं विष सामूवर (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; ७ च्या खाली आंबट) अवलंबून असतं. सामू ७ असताना विरघळलेल्या सल्फाइडपैकी निम्मा भाग पेशीत सहज शिरणाऱ्या रूपात असतो. सामू ८ ला तो दहाव्या हिश्श्यावर येतो, ६ ला नव्वद टक्क्यांवर जातो. टाकी आंबट झालेली असेल तर तेवढंच सल्फेट कितीतरी जास्त नुकसान करतं.

उपाय: खत भुरभुरलेलं शेण वेगळं करून उकिरड्यावर टाका. तेवढ्यावर गॅस हळूहळू सुधारतो. शेगडी वाचवायची असेल तर पाइपलाइनमध्ये गंजलेल्या लोखंडी भुशाची डबी बसवा, लोखंड सल्फाइड धरून ठेवतं. (वापरलेला भुसा उघड्यावर काढला की तापतो, सुक्या काडीकचऱ्याजवळ ठेवू नका.) काही जण टाकीत हिराकस टाकायला सांगतात. तसं करू नका. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं लोखंड जेवढा सल्फाइड धरतं, तेवढाच नवा सल्फाइड त्याच्यासोबत आलेल्या सल्फेटपासून होतो, आणि मिथेन बुडतो तो वेगळाच.

डोळ्यांत पाणी आणणारा वास: अमोनिया

इथे वर सांगितलेल्याच्या बरोबर उलटं आहे, आणि इथेच सर्वांत जास्त टाक्या चुकीच्या उपायाने मरतात.

अमोनिया येतो कोंबडी खतातून, गोठा धुतलेल्या मुताच्या पाण्यातून, किंवा कुणाच्या तरी सल्ल्याने टाकलेल्या युरियातून. शेणात कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण २५ ला १ असतं, कोंबडीच्या विष्ठेत १० च्या आसपास. शेण कमी पडलं की शेजारच्या पोल्ट्रीतून दोन-चार पोती आणायची, हा प्रकार सर्रास चालतो. पोल्ट्रीची एक बॅच निघाली की खत येतं आणि त्यापाठोपाठ गॅस बसतो. पुढची बॅच निघाली की पुन्हा तेच. इथे दोष टाकीचा नसतो, पोल्ट्रीच्या वेळापत्रकाचा असतो.

एकूण अमोनिया-नत्र लिटरमागे १,५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि सामू ७.४ च्या पुढे असला तर त्रास सुरू होतो. ३,००० च्या वर सामू कितीही असला तरी त्रास होतो. पेशीत शिरतो तो मोकळा अमोनिया. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला १ टक्काही मोकळा नसतो, सामू ८ झाला की ७ ते ८ टक्के होतो. म्हणजे चुन्याने किंवा सोड्याने सामू एकने चढवला की तेच कोंबडी खत नऊ-दहा पट विषारी झालं. गॅस कमी झाला की चुना टाकायचा हा नियम म्हणून मला मुळीच मान्य नाही. सामूचा कागद कृषी केंद्रात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे मिळतो. तो हातात घेतल्याशिवाय टाकीत काहीही टाकू नये.

उपाय: कोंबडी खत पूर्ण थांबवा, मुताचं पाणी दुसरीकडे वळवा, काही दिवस शेणात नेहमीपेक्षा जास्त साधं पाणी कालवा. अमोनिया धुऊन निघायला वेळ लागतो आणि त्याला जवळची वाट नाही. पुढे कोंबडी खत वापरायचंच असेल तर शेणाच्या तुलनेत थोडं, आणि रोज सारखं. मिथेनवाले चढत्या अमोनियाला हळूहळू सरावतात, एकदम आलेल्या चार पोत्यांना सरावत नाहीत. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सीडिओसिस या आतड्याच्या रोगावरची मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं असतील तर त्यांचा अंशही खतातून येतो. मोनेन्सिन हायड्रोजन पुरवणाऱ्या जिवाणूंना दाबतं, म्हणजे मिथेनवाल्यांची रसद तोडतं.

वास बदलत नाही, गॅस मात्र एकदम बसतो

आता थेट मारणारी रसायनं.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. खुरांच्या आजारासाठी जनावरांना ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यातून चालवतात. १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद म्हणजे सव्वा किलोहून जास्त तांबं. एका गोठ्यात या हौदाचं पाणी पंधरवड्याला सोडून द्यायचे, आणि ज्या गटारात सोडायचे तेच गटार पुढे टाकीच्या कुंडीला मिळत होतं. टाकी १० घनमीटरची, आत वीसेक हजार लिटर शेणकाला. एका वेळी लिटरमागे ६० मिलिग्रॅमहून जास्त तांबं. टाकीतला सल्फाइड तांब्याला काळ्या, न विरघळणाऱ्या साक्यात बांधून टाकतो, म्हणून टाकी काही दिवसांनी सावरायची. सल्फाइड पुरेसा तयार होईपर्यंतचे दिवस मात्र तांब्याचे. मालकाने गॅस बसल्याच्या तारखा भिंतीवर खडूने लिहिल्या होत्या. हौद बदलल्याच्या तारखा गड्याला तोंडपाठ होत्या. त्या दोन याद्या शेजारी मांडल्यावर वेगळं काही सांगावं लागलं नाही. हौदाचं पाणी कुंडीपासून तोडलं आणि दुखणं संपलं. हे पाणी विहिरीकडे किंवा नाल्यातही सोडू नका, आणि वर्षानुवर्षं एकाच वाफ्यात ओतू नका. तांबं मातीतून जात नाही.

प्रतिजैविकं. गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की सडात ट्यूब सोडतात आणि वर इंजेक्शनं देतात. ऑक्सिटेट्रासायक्लीनचा बराच भाग न बदलता शेण-मुतातून बाहेर पडतो. पेनिसिलिनचा प्रकार वेगळा. ते जिवाणूंची पेशीभित्ती बांधणारं काम अडवतं, आणि मिथेनवाल्या आर्कियांच्या भित्तीत तो पदार्थच नसतो. म्हणून पेनिसिलिन त्यांना थेट मारत नाही, त्यांना अन्न पुरवणाऱ्या जिवाणूंना मारतं. शेगडीवर परिणाम एकच. औषध चालू असलेल्या जनावराचं शेण, आणि विकता न येणारं तिचं दूध, टाकीत घालू नका. औषध थांबल्यावरही काही दिवस ते शेण उकिरड्यावर जाऊ द्या. मोठ्या गोठ्यात एका गाईचं शेण फारसं जाणवत नाही. दोन-तीन जनावरांच्या घरगुती टाकीत लगेच जाणवतं.

फिनाईल, ब्लीचिंग पावडर, संडास साफ करायचं आम्ल. यांचं कामच सूक्ष्मजीव मारणं. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गॅस टाक्या आपल्याकडे रुजवल्या, आणि त्या उत्तम चालतात. पण घरात पाहुणे येणार म्हणून सणाच्या आदल्या दिवशी बाटलीभर आम्ल भांड्यात ओतलं, तर सणात गॅस कमी पडतो. ब्रश आणि गरम पाणी वापरा, अगदी गरज पडली तर थोडा खाण्याचा सोडा. कपड्यांचं आणि न्हाणीचं साबणपाणी टाकीकडे अजिबात नको.

संत्र्याची सालं. विदर्भात रस काढणारे विचारतात की एवढी सालं फुकट आहेत, टाकीत घालू का. सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि ते मिथेनवाल्यांना बाधतं. मूठभर चालतात, घमेलंभर नाही.

संशय आहे, खात्री नाही: बाटल्यांची चाचणी

हे घरी होतं आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. सारख्या आकाराच्या १ लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या घ्या. गावात ज्याची टाकी जोरात चालू आहे त्याच्या निकासातून ताजी मळी (गॅस होऊन बाहेर पडलेला शेणकाला) आणा, गाळून प्रत्येक बाटलीत अर्धा लिटर भरा, आणि प्रत्येकीत सारखाच अर्धी वाटी ताजा शेणकाला घाला.

दोन बाटल्या तशाच ठेवा, त्या तुलनेसाठी. बाकीच्यांत संशयित वस्तू, एका वस्तूला दोन बाटल्या. मात्रेचा हिशोब असा: २ घनमीटरच्या टाकीत सुमारे ४,००० लिटर शेणकाला असतो, म्हणजे बाटली तिचा आठ हजारावा भाग. संशयित वस्तू १० ग्रॅम घेऊन १ लिटर पाण्यात कालवा. त्यातलं १० मिली बाटलीत गेलं की टाकीत सुमारे ८०० ग्रॅम पडल्यासारखं झालं. तुमच्याकडे टाकीत जेवढं जातं त्या मानाने कमी-जास्त करा. तुलनेच्या बाटल्यांत १० मिली साधं पाणी घाला. तोंडाला फुगा घट्ट बांधा, बाटल्या काळ्या कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवा, रोज एकदा हलवा.

पहिल्या एक-दोन दिवसांत सगळेच फुगे थोडे फुगतात. त्यावरून काही ठरवू नका, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. पाचव्या दिवसापासून पुढे, दहा-बारा दिवसांपर्यंत फरक बघा. तुलनेच्या दोन्ही बाटल्या फुगल्या आणि मोरचुदाच्या दोन्ही बसल्या, तर उत्तर मिळालं. एक फुगली आणि एक बसली तर फुगा गळतोय, चाचणी पुन्हा करा. फुग्यांजवळ काडी ओढू नका.

गॅस भरपूर आहे पण पेटत नाही, अशी तक्रार असेल तर बाटल्यांची गरज नाही. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० मिली गॅस ओढा, मग कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी ५ मिली ओढा, तोंड बंद करून हलवा. हातमोजे आणि चष्मा हवेतच. कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि दट्ट्या आत सरकतो. उरलेला गॅस जवळपास सगळा मिथेन. चांगल्या शेणाच्या टाकीत तो ५५ ते ६० टक्के असतो. निम्म्याहून खाली गेला असेल आणि सामू ६.५ च्या खाली असेल तर टाकी आंबली आहे. तिथे कारण बहुधा लग्नातलं उरलेलं अन्न, ताक-निवळी किंवा उसाची मळी-गूळ असतं.

टाकी पुन्हा उभी करताना

कारण कोणतंही असो, पहिलं काम भरण थांबवणं. सामू परत ६.८ च्या वर येईपर्यंत काही घालू नका. आंबलेल्या टाकीला चुन्यापेक्षा खाण्याचा सोडा बरा. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, बंद डोममध्ये दाब एकदम पडतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. ऑक्सिजन तर मिथेनवाल्यांचा शत्रूच. शिवाय त्याचा साका तळाशी बसतो. सोडा हजार लिटरमागे १ किलोपर्यंत, एकदम न घालता तीन-चार दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून. सामू ७.५ च्या वर असेल तर सोडाही नको, तिथे अमोनियाचा विचार करा.

मग चालू टाकीतली मळी आणून घाला, जितकी जास्त मिळेल तितकी चांगली. तिच्यातून तयार मिथेनवाले येतात आणि त्यांच्या वाढीची वाट बघावी लागत नाही. भरण नेहमीच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरू करा, ज्योत निळी आणि स्थिर राहिली तर आठवड्याने वाढवा. सुरुवातीचा न पेटणारा गॅस मोकळ्यावर सोडून द्या.

महिनाभर असं करूनही सामू ६.५ च्या वर येत नसेल, किंवा टाकीत मोठ्या प्रमाणात मोरचूद किंवा कीटकनाशक गेल्याची खात्री असेल, तर टाकी उपसून नव्याने भरणं बरं. उपसायला आत उतरू नका आणि कुणाला उतरवू नका, टाकी बरेच दिवस उघडी असली तरीही. मळी हलवली की अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त प्रमाणात त्याचा वासही कळत नाही, आणि पहिला पडला की त्याला काढायला उतरणारा दुसराही पडतो. मळीचा पंप लावा, बाहेरूनच पाणी मारून पातळ करा, आणि उपसलेला माल औषधाचा किंवा तांब्याचा असेल तर तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका.